पटवून द्या (गुण १०)

‘झाडे लावा, झाडे जगवा’ याला विरोध असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तरी शाळेत आम्ही त्याला दर वर्षी पटवून देत होतो. तो कोण, राहतो कुठे, झाडांनी त्याचं काय वाकडं केलंय, ही चौकशी ना गुरुजींनी केली, ना आम्ही. तो आहे असं धरून चालायचं आणि वीस ओळींत त्याला गार करायचं. पाणी वाया घालवा, पुस्तकं वाचू नका, असं म्हणणारी मंडळीही त्याच्याच आळीत राहत असावीत, कारण वहीच्या पुढच्या पानांवर त्यांचाही समाचार असे. मुलींना फार शिकवू नये म्हणणारे मात्र खरोखरचे होते, आमच्याच गल्लीत होते, नावानिशी माहीत होते. वही त्यांच्यापर्यंत कधी गेली नाही.

जिथे खरंच दोन बाजू असत, तिथे बाजू घ्यायचीच नाही असा दंडक. ‘विज्ञान : शाप की वरदान?’ पहिलं पान वरदानाला, दुसरं शापाला, आणि शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’. न्यायाधीश असा निकाल देऊ लागले तर जमिनीचे खटले आत्ता चालतात त्याहूनही जास्त चालतील.

बरं, हे सगळं वाचणारा माणूस एकच, पेपर तपासणारा. त्याला आधीच सगळं पटलेलं. सुविचार कुठे आहे तेवढं त्याला चटकन दिसावं म्हणून तो वेगळ्या शाईने लिहायचा, खाली रेघ मारायची. या तालमीत तयार होऊन मी बार्शीहून पुण्याला बी.कॉम.ला आलो. निबंधात कधी कमी गुण पडले नव्हते, त्यामुळे आपण कुणालाही काहीही पटवू शकतो अशी तब्येत होती.

नव्या शैक्षणिक धोरणाने वेळापत्रकात कौशल्याच्या विषयांसाठी जागा केली, तिथे आमच्या कॉलेजने ‘प्रभावी लेखन’ बसवलं. दोन श्रेयांक. दोन श्रेयांकांच्या विषयाला विद्यार्थी ‘मॅडम चांगल्या असतील तर जाऊ’ या अटीवर जातात. मॅडम चांगल्या निघाल्या, म्हणजे हजेरी घेत होत्या.

पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, “कुणाला तरी एखादी गोष्ट करायला लावायची आहे, असं पत्र लिहून आणा.” पत्रं आली. निम्मी प्लास्टिकवर, निम्मी मोबाइलवर. प्लास्टिकवाल्या एकाला त्यांनी उभं केलं.

“हे कोणी वाचायचं?”

“तुम्ही, मॅडम.”

“मी कापडी पिशवी वापरते. मी काय करू?”

तो विचारात पडला. “मग सगळ्यांनी वाचायचं.”

“सगळ्यांचा पत्ता दे.”

पुढच्या खेपेला वर्गाने आपल्यात सुधारणा घडवून आणली, ती चॅटजीपीटीकडून. कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापावबरोबर चटणी पुन्हा मागितली तर मिळावी, असं पत्र कँटीनच्या मालकांना लिहायचं होतं. प्रत्येक पत्रात चटणीची भूमिका ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ होती, चटणी ‘केवळ एक पदार्थ नसून एक अनुभव’ होती, आणि तिच्या पुनर्वाटपातून ‘विद्यार्थी व व्यवस्थापन यांच्यातील सकारात्मक संवाद वृद्धिंगत’ होणार होता. मॅडमनी एक पत्र शांतपणे वाचून दाखवलं आणि विचारलं, “तुमच्यापैकी कोण कोण आयुष्यात एकदा तरी ‘वृद्धिंगत’ म्हणालंय?” हात वर झाला तो फक्त मागच्या बाकावरच्या एकाचा, तोही भिक्षुकी करतो म्हणून. शेवटी कँटीनमध्ये चटणी मिळाली ती निराळ्याच कारणाने. एक मुलगी मालकांना इतकंच म्हणाली, “मामा, शेजारचा गाडीवाला दोनदा देतो.”

मॅडमनी लगेच ॲरिस्टॉटल काढला. पटवण्याचे तीन मार्ग त्याने तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलेत : बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. ग्रीक नावं इथॉस, पॅथॉस, लोगोस. आमच्या वर्गाने ती लगेच आपलीशी केली, कारण परीक्षेत तीन नावांना तीन गुण नक्की. मला त्या म्हाताऱ्याबद्दल एवढंच वाटलं की त्याला कधी हजेरी कमी पडल्याचा अर्ज लिहावा लागला नसावा.

हजेरी ७५ टक्के लागते. सत्र संपत आलं की ज्यांची भरत नाही त्यांची यादी लागते आणि आमच्या वर्गातलं सगळं गद्य वाङ्मय त्या आठवड्यात जन्माला येतं. अर्जाचा साचा ठरलेला. ‘माननीय प्राचार्य महोदय यांच्या सेवेशी’, मग ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’, शेवटी ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’ आणि ‘आपला आज्ञाधारक’. हे हात जोडणं आठ ओळींचं. त्यात कारणाला जागा उरते ती अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीत आमच्याकडे टायफॉइड असतो. रोगाची ही निवड पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून झालेली आहे. काविळीला डोळे पिवळे दाखवावे लागतात, हाड मोडलं तर प्लॅस्टर लागतं, डेंग्यूला प्लेटलेट्सचा आकडा विचारतात. टायफॉइड पंधरा दिवस पुरतो आणि मागे पुरावा ठेवत नाही. हा शुद्ध लोगोस आहे, फक्त कुणी त्याला तसं म्हणत नाही.

आणि एवढं लिहून अर्ज खिडकीत दिला की आतले भाऊसाहेब तो उलटा धरूनच विचारतात, “वर्गशिक्षकांची सही?” ते अर्ज वाचत नाहीत, आणि मला आता त्यात काही वावगं वाटत नाही. दिवसाला शंभर टायफॉइड कोण वाचेल? त्यांना पटवणारी गोष्ट कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली असते. ॲरिस्टॉटलने चौथा मार्ग म्हणून सही धरायला हवी होती.

या विषयातलं माझं खरं पाठ्यपुस्तक मी राहतो त्या घराच्या भिंतींवर चिकटवलेलं आहे. सदाशिव पेठेत आम्ही चौघं कॉट बेसिसवर राहतो आणि घरमालकीण काकू आमच्याशी मुख्यतः लेखी बोलतात. पुणेरी पाट्यांवर लोक हसतात, फोटो काढतात, पुढे पाठवतात. त्या चालतात का, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडच्या चालतात. न्हाणीघराच्या दारावर लिहिलंय : ‘गीझर सकाळी ६ ते ७. त्यानंतर खालील मजकूर वाचावा.’ खाली वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, ‘थंड पाण्याने अंघोळीचे फायदे’. जिन्यात : ‘दरवाजा आपटू नये. आपटणाऱ्याचे नाव आम्हाला माहीत आहे.’ आम्ही चौघंही रात्री दरवाजा दोन्ही हातांनी लावतो. एका ओळीत धाक, गौप्य आणि चौघांनाही स्वतःविषयी शंका! मी मॅडमना ही पाटी उदाहरण म्हणून दिली तर त्यांनी वहीत उतरवून घेतली.

गणपतीच्या वर्गणीवाल्यांचीही दखल अभ्यासक्रमाने घ्यायला हवी. ते ‘देता का?’ असं विचारतच नाहीत. पावतीपुस्तकात नाव आणि आकडा आधी लिहितात आणि मग बेल वाजवतात. पावती फाडून झालेली असते. आता नाही म्हणायचं तर कार्यकर्त्यांची पावती वाया घालवल्याचं पाप तुमच्या माथी. शिवाय वरच्या मजल्यावरच्या जोशींच्या पावतीचा आकडा तुम्हाला दिसेल अशाच बेताने पुस्तक धरलेलं असतं. बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मार्केटिंग म्हणून जे शिकवतात ते या दोन मिनिटांत उरकतं.

मॅडमचा कल मात्र जुन्या पुण्याकडे. त्यांनी आम्हाला महात्मा फुल्यांचं निवेदन वाचायला लावलं, १८८२ सालचं, हंटर आयोगापुढचं. मूळ इंग्रजीत आहे. माझी अपेक्षा होती की सुरुवात ‘अनादि काळापासून मानव’ अशी काहीतरी असेल, निदान ‘शिक्षण हा तिसरा डोळा’ तरी. तर फुले सुरुवातीलाच सांगतात की आपला शिक्षणातला अनुभव मुख्यतः पुणं आणि आसपासच्या गावांपुरता आहे. एवढंच. मग आपण काढलेल्या शाळांची हकीकत येते. म्हणजे मी मोठा आहे असं म्हणायचंच नाही. हा माणूस शाळा काढून बसलाय हे साहेबाला आपोआप कळतं. आणि नंतर ते हात घालतात तो सरळ सरकारच्या हिशेबाला : महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मानवता, प्रकाश, अंधार यांपेक्षा जमाखर्चाची भाषा साहेबाला लवकर कळते, हे त्यांनी ओळखलं होतं. मागणी काय, तर साधारण बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक कसे असावेत, तर नांगर धरायची लाज न वाटणारे. एकही सुविचार नाही, वेगळ्या शाईतलं काही नाही. माझ्या दहावीच्या पेपर तपासनिसांनी याला दहापैकी चार दिले असते.

त्या मागणीचं काय झालं, हे विचारू नये असं वाटतं, पण मॅडमनी सांगितलं. आयोग अहवाल देऊन गेला, सक्ती काही आली नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६मध्ये संस्थानभर केली, कारण तिथे पटवून घेणारा आणि हुकूम काढणारा माणूस एकच होता. गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणलं. गोखले आकड्यांचे बादशहा, गणित शिकवलेले; मांडणीत फट सापडायची नाही. मतदान झालं : बाजूने १३, विरुद्ध ३८. देशभराच्या मुलांसाठी शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे माझा शाळेत जायचा काळ जेमतेम गाठून. हजेरीच्या अर्जाला उत्तर आलं नाही म्हणून आमच्यातला एक जण तणतणत होता, त्याला मॅडमनी हे साल दाखवलं.

आगरकरांचा तास सगळ्यांत रंगला. ‘केसरी’चे पहिले संपादक, मग टिळकांशी बिनसलं, मग १८८८मध्ये स्वतःचं ‘सुधारक’. बालविवाह नको, केशवपन नको, जे बुद्धीला पटेल तेच माना, असं एकेक प्रकरण त्यांनी इतक्या स्वच्छ तर्काने लिहिलं की पुण्यातल्या काही वाचकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. मॅडमनी वर्गाला विचारलं, “मग हे लेखन प्रभावी म्हणायचं की नाही?” वर्ग दुभंगला. एक गट म्हणाला नाही, कारण लोकांना पटलं नाही. शेवटी खिडकीजवळचा एरवी झोपणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, तिरडी बांधायला खर्च येतो. न वाचता कुणी करणार नाही.” त्या सत्रातलं ते सर्वोत्तम उत्तर होतं, आणि माझी खात्री आहे की तो बोलला तो झोपेतच.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दिवाळीला घरी गेलो.

आमचं बार्शीत बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान आहे. आमच्या धंद्यात मृगाच्या तोंडावर माल उधारीवर जातो आणि सोयाबीन विकलं की पैसे येतात, निदान यावेत अशी सगळ्यांचीच इच्छा असते. अप्पा वसुली कशी करतात हे मी लहानपणापासून पाहत आलोय, पण त्यात शिकण्यासारखं काही आहे हे मला पुण्याला गेल्यावर कळलं. ते पैसे मागत नाहीत. त्यांचा एखाद्या तात्यांना व्हॉट्सअॅप असा : ‘सोयाबीन यार्डात घातलं म्हणे. भाव बरा लागला, ऐकून आनंद झाला.’ बस्स. यात पैशाचं अक्षर नाही, पण माल कधी घातला, कुठल्या आडतीवर घातला आणि पट्टी किती झाली हे अप्पांना ठाऊक आहे, एवढं तात्यांना कळतं. त्यावरही हालचाल नसेल तर दुसरा : ‘धाकटीचं जमलं असं समजलं. पत्रिका द्यायला दुकानीच या, चहा होईल.’ माणूस दुकानी आला की गल्ल्यापाशी उधारीची वही उघडीच असते. ती कधी मिटून ठेवायची नाही, एवढा एकच नियम. तरीही नाही जमलं, तर अप्पा लग्नाला स्वतः जातात आणि अपेक्षेपेक्षा मोठा आहेर करतात. मग मात्र माणूस मांडवातच कासावीस होतो. पाडव्याच्या आत निम्मे तरी येतात.

एक तात्या मात्र या सगळ्याला पुरून उरलेले. दोन हंगामांचं थकलेलं, आहेर पचवलेला. माझा विषय ऐकून अप्पा म्हणाले, “मग तात्यांना तूच लिही की एक.”

लिहिलं. दुकानाची तीस वर्षांची सचोटी, तात्यांच्या वडिलांपासूनचे संबंध, हा इथॉस. दोन्ही हंगामांचा हिशेब, पोत्यागणिक, तारखेसकट, हा लोगोस. डीएपीचे वाढलेले भाव, कंपनीचा तगादा आणि माझी पुण्यातली फी, हा पॅथॉस. फीच्या जागी मी स्वतःच जरा हललो. दीड पान झालं. अप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, “झकास झालंय. पण पैसे द्यायचेत हे तात्यांना ठाऊकच आहे रे. बरं, धाड. बघू.”

तिसऱ्या दिवशी तात्या आले. पत्र सदऱ्याच्या खिशात घडी घालून. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तात्यांनी ती जाऊ दिली नाहीत. बाकड्यावर बसले, पत्र उलगडलं आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मधे दोन ठिकाणी थांबून दाद दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरा, आमच्यावर एवढं आजवर कुनी लिव्हलं नव्हतं. आमच्या म्हाताऱ्याचं नाव काढलंस, अंगावर काटा आला बघ. चार पिढ्या आमी ह्याच दुकानी येतो.”

दुकान तीस वर्षांचं आहे. कुणी काही बोललं नाही.

“आन्‌ तुझ्या फीचं वाचलं, तवा रातभर झोप न्हाई. म्हनलं, ह्या पोराचं शिक्षान थांबता कामा न्हाई. आता शिक्षान थांबू द्यायचं न्हाई तर काय पायजे? अप्पांचं दुकान चाललं पायजे. दुकान चालायचं तर काय पायजे? गिऱ्हाइकानं माल उचलला पायजे. बरोबर का न्हाई?”

चारही गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. अप्पांचीही डोलली, हे मी पाहिलं.

“मंग दोन पोती डीएपी काढा. हरबऱ्याचं बियानं एक बॅग. लिवून ठेवा माझ्या नावावर. पोरासाठी नेतोय म्हना.”

पोती टमटममध्ये चढली. तात्यांनी जाताना पत्र पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं, घरी पाहुण्यांना दाखवायला. अप्पा बराच वेळ वहीत लिहीत होते. मग मान वर न करता म्हणाले, “तात्या काय काय बोलले, ते सगळं ध्यानात आहे ना तुझ्या?”

“आहे.”

“क्रमानं?”

“क्रमानं.”

“मग कागद घे. सोलापूरच्या होलसेलरचं आपल्याकडं दोन महिन्यांचं राहिलंय. त्यांच्या वडिलांपासून सुरुवात कर. आणि मुलगा शिकतोय का त्यांचा, ते मी फोन करून विचारतो.”